सिअ‍ॅटलमधला 'झपाटलेला' केल्स पब आणि त्याच्या आधीची बटरवर्थ मॉर्च्युरी

पश्चिमवारा (धागाकर्ती)

सिअ‍ॅटलला पाहुणे आले की पाइक प्लेस मार्केट ठरलेलं. हवेत मासे फेकणारे मासेवाले, पहिलं स्टारबक्स म्हणून लागलेली रांग, च्युइंग गमची भिंत. या गर्दीच्या मागच्या अंगाला पोस्ट अ‍ॅली नावाचा अरुंद बोळ आहे आणि त्यात 'केल्स' हा आयरिश पब. १९८३ पासून चालू आहे. अमेरिकेतला सगळ्यात झपाटलेला पब अशी त्याची ख्याती, भुतांच्या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी तिथे कॅमेरे लावून रात्री जागवल्या आहेत. आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या त्याच्याबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात खरं-खोटं इतकं कालवलंय की राहवलं नाही, म्हणून हा धागा.

आधी इमारत. १९०३ सालची. एडगर रे बटरवर्थ या माणसाने ती खास अंत्यसंस्कारांच्या व्यवसायासाठी बांधून घेतली, आराखडा जॉन ग्रॅहम या वास्तुरचनाकाराचा. सिअ‍ॅटलमध्ये फक्त याच कामासाठी बांधलेली ही पहिली इमारत. शहर चढउताराचं, त्यामुळे तिला दोन तोंडं आहेत. वरच्या अंगाला फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू हा हमरस्ता. तिथून काळ्या कपड्यांतले नातेवाईक चॅपलमध्ये शिरत. खालच्या अंगाला पोस्ट अ‍ॅली. तिथे घोडागाड्या लागत आणि शव आत घेतलं जाई. शव तयार करायचं काम खाली, निरोप द्यायची जागा वर, मधे शव वर नेणारी लिफ्ट. वर बसलेल्या माणसाला खालचं काहीही दिसू नये, ऐकू येऊ नये, अशी सगळी रचना. केल्स आहे तो या खालच्या अंगाला. मला या जागेत भुतांपेक्षा हे जास्त अंगावर येतं.

बटरवर्थ मुळात फर्निचरवाला. त्या काळी अमेरिकेत हा व्यवसाय बहुतेक ठिकाणी असाच सुरू झाला. पेटी बनवणारा सुतार हळूहळू पुढचंही सगळं बघायला लागे. तो सिअ‍ॅटलला आला १८९२ मध्ये. पाचच वर्षांनी कॅनडातल्या क्लोंडाइक भागात सोनं सापडल्याची बातमी आली आणि शहर माणसांनी फुगलं. बंदर, लाकूड कारखाने, दारू, मारामाऱ्या, साथी. घरापासून हजारो मैल लांब एकटी मरणारी माणसं. त्यांना उचलायला, धुवायला, पुरायला कुणीतरी लागणारच होतं.

आता भुतं. पबात दोघं 'राहतात' असं सांगतात. एक लहान मुलगी, लाल केसांची, लहान मुलांनाच जास्त दिसते म्हणे. दुसरा डर्बी हॅट घातलेला माणूस, त्याला सगळे चार्ली म्हणतात. हा चार्ली आरशात दिसतो. शिवाय ग्लास आपोआप सरकणं, आरसे तडकणं वगैरे नेहमीचं.

फॉरवर्डमध्ये आणखी एक गोष्ट आहे: नगरपालिका बेवारशी शवामागे ५० डॉलर द्यायची, म्हणून शवं पळवायला हाणामाऱ्या व्हायच्या, पुढे तर शव मिळावं म्हणून माणसं मारली जायची. टूरवाले हे फार रंगवून सांगतात. ही सांगोवांगी आहे आणि मला ती मुळीच आवडत नाही. ज्या लोकांनी साथींच्या दिवसांत हे काम केलं, त्यांना खुनी ठरवायचं आणि वर त्याची तिकिटं विकायची?

माझं म्हणणं एवढंच, की त्या घरातून गेलेल्या खऱ्या माणसांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. ती सोडून आपण 'चार्ली'ची गोष्ट सांगत बसतो. तुम्हाला काय वाटतं? कुणी गेलंय का तिथे?

---

गोदाकाठ

छान लिहिलंयस. आम्ही गेलो होतो, मुलीकडे आलो होतो तेव्हा. तिने जेवण झाल्यावर सांगितलं की इथे पूर्वी प्रेतं ठेवायचे. सौ. तिथून उठली ती थेट घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ! मलाही जरा चमत्कारिक वाटलं, खोटं का बोला. आपल्याकडे स्मशानातून आल्यावर उंबऱ्याबाहेर पाय धुतल्याशिवाय घरात घेत नाहीत. तिथे बसून जेवायचं म्हणजे मन तयार होत नाही.

बाकी भूतबीत काही दिसलं नाही. गाणी फार सुंदर होती. एक म्हातारा गृहस्थ डोळे मिटून गात होता आणि सगळा पब गप्प.

---

तर्कट

आरशातल्या चार्लीबद्दल सांगतो, कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे.

इटलीत जोव्हानी कापुतो नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५० जणांना मंद प्रकाशात आरशासमोर बसवलं आणि दहा मिनिटं स्वतःच्या चेहऱ्याकडे बघायला सांगितलं. दोनतृतीयांश लोकांना आपला चेहरा विचित्र बदललेला दिसला. २८ टक्के लोकांना आरशात कुणी अनोळखी माणूस दिसला. काहींना आपले आईवडील दिसले, त्यातले काही तर वारलेले. नजर एका जागी खिळली की मेंदू कडेचे तपशील पुसायला लागतो आणि मग मोकळ्या जागा स्वतःच भरतो. आता पबातला उजेड, जुना आरसा, हातात ग्लास आणि कुणीतरी आधीच सांगितलेलं की 'इथे टोपीवाला दिसतो'. अशा ठिकाणी टोपीवाला दिसणारच.

दुसरं, व्हिक टँडी. हा इंग्लंडात कॉव्हेंट्रीला एका प्रयोगशाळेत काम करायचा. तिथे लोकांना अस्वस्थ वाटायचं, थंड घाम यायचा, डोळ्याच्या कडेला राखाडी आकृती दिसायची. यालाही दिसली. हा तलवारबाजी करणारा. एके दिवशी तलवारीचं पातं दुरुस्तीसाठी शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून ठेवलं होतं, ते आपोआप थरथरायला लागलं. शोधता शोधता नवीन बसवलेला एक पंखा सापडला. त्याच्यामुळे खोलीत सेकंदाला साधारण १९ कंपनांची लहर उभी राहत होती. कानाला ऐकू न येणारी. पंख्याची बैठक बदलली, भूत गेलं. त्याने हे १९९८ मध्ये छापलं.

उतारावरची शंभर वर्षांहून जुनी इमारत, खाली तळघरं, बाहेर बंदराची वाहतूक. तिथे आवाज, झुळका, कंप यांची काय कमी?

---

निशिगंधा

> मोकळ्या जागा स्वतःच भरतो

तर्कट, हे पटलं. पण 'भूत गेलं' एवढ्यावर विषय संपतो का? माझी आजी वारली त्यानंतर कित्येक दिवस मला माजघरात तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा. मला माहीत होतं तो मनाचा खेळ आहे. तरी मी तो ऐकायला थांबायचे.

पश्चिमवारा, फॉरवर्डमध्ये त्या उपवासवाल्या डॉक्टरणीचं पण होतं ना? ते खरं आहे का? मला ते वाचून रात्री झोप लागली नाही.

---

पश्चिमवारा

निशिगंधा, ते खरं आहे. आणि मला सांगायची होती ती नावं याच प्रकरणातली.

लिंडा हॅझर्ड. वैद्यकीय पदवी नव्हती, पण वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यातल्या एका पळवाटेमुळे तिला उपचार करायचा परवाना मिळाला होता. सगळे रोग अन्नामुळे होतात आणि उपवासाने जातात, असं तिचं मत. १९०८ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं. १९११ च्या सुरुवातीला क्लेअर आणि डोरा विल्यमसन या दोन श्रीमंत, अनाथ ब्रिटिश बहिणी तिच्याकडे आल्या. मोठा आजार कसलाच नव्हता, बारीकसारीक तक्रारी होत्या. त्यांना दिवसाला थोडंसं टोमॅटोचं पाणी, तासन्‌तास चालणारे एनिमा आणि मालिशच्या नावाखाली धपाटे. दोघी अस्थिपंजर झाल्यावर त्यांना बोटीने ओलाला नावाच्या गावी हॅझर्डच्या घरी नेलं.

त्यांची लहानपणची दाई मार्गारेट कॉनवे तेव्हा ऑस्ट्रेलियात होती. काहीतरी बिनसलंय असं वाटून ती बोटीने निघाली. पोचली तोवर क्लेअर गेली होती. मे १९११. वजन ५० पौंडांपेक्षाही कमी, म्हणजे जेमतेम २२ किलो.

कॉनवेला क्लेअरचं शव दाखवलं ते बटरवर्थकडे, याच इमारतीत. वरच्या मजल्यावरची ती नेटकी, शांत व्यवस्था, रसायनं भरून तयार केलेलं शव. आणि जिने क्लेअरला लहानाचं मोठं केलं ती दाई बघत राहिली. हात वेगळे. चेहऱ्याची ठेवण वेगळी. केसांचा रंग वेगळा. ही माझी क्लेअर नव्हे, असं तिला वाटलं. उपाशी मेलेल्या मुलीचं खरं शव कुणाला दिसू नये म्हणून दुसरंच ठेवलं होतं, असा संशय तेव्हापासून बोलला जातो. शिक्षा झाली ती एकट्या हॅझर्डला, १९१२ मध्ये, मनुष्यवधाबद्दल.

डोरा वाचली ती या दाईमुळे. कॉनवेने तारा केल्या, मामा-काकांपैकी एक पोर्टलंडहून आला, तर हॅझर्डने त्याच्यापुढे बिल ठेवलं. पैसे मोजून भाचीला सोडवावं लागलं. जवळच्या टॅकोमा शहरातल्या ब्रिटिश उपवाणिज्यदूताने प्रकरण लावून धरलं म्हणून खटला उभा राहिला. हॅझर्ड जेमतेम दोन वर्षं तुरुंगात होती. मग सुटली, न्यूझीलंडला गेली, १९२० मध्ये परत येऊन ओलालातच आणखी मोठी वास्तू बांधली. ती १९३५ मध्ये जळाली. १९३८ मध्ये ती स्वतः आजारी पडली, स्वतःवर उपवासाचाच उपचार केला आणि त्यातच मेली. म्हणजे तिचा त्यावर मनापासून विश्वास होता. मला हे सगळ्यात भयंकर वाटतं.

पबात भुताटकीची टूर घ्या, चार्ली शंभरदा ऐकाल. मार्गारेट कॉनवे क्वचित. एक नोकरी करणारी बाई, हातात अधिकार नाही, पैसा नाही, समोर डॉक्टरीण आणि मॉर्च्युरीचा मालक. आणि ती म्हणते की हे हात तिचे नाहीत. त्या जागेला कुणाची आठवण असावी, तर हिची.

---

निशिगंधा

वाचून सुन्न झाले. आपल्या घरातही एकादशी दुप्पट खाशी चालते म्हणून बरं.

---

शुश्रुत७२

मी सरकारी रुग्णालयात न्यायवैद्यक विभागात काम करतो, मराठवाड्यात. धागा वाचून लिहावंसं वाटलं.

शवात रसायन भरायची पद्धत अमेरिकेत रुजली ती तिथल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५. लांब रणांगणावर मेलेला मुलगा आईला बघायला मिळावा म्हणून. लिंकनचं शव वॉशिंग्टनहून स्प्रिंगफिल्डला रेल्वेने नेलं, गावोगाव लोकांनी दर्शन घेतलं, तेव्हा सामान्य माणसालाही ते हवंसं वाटू लागलं. एका धमनीतून रसायन आत सोडायचं, शिरेतून रक्त बाहेर. आपल्याकडे त्याच दिवशी दहन, म्हणून सहसा याची गरज पडत नाही. परदेशातून शव आणायचं असेल तेव्हाच घरच्यांना हा शब्द पहिल्यांदा कळतो.

कॉनवेबाईंच्या ओळखीबद्दल: मी रोज ओळख पटवायला आलेले नातेवाईक बघतो. रसायन भरलेला चेहरा फुगतो, रंग बदलतो, केस वेगळे विंचरलेले असतात. शिवाय २२ किलोपर्यंत खंगलेलं माणूस. त्यामुळे शव खरंच क्लेअरचं असूनही तिला परकं वाटणं शक्य आहे. पण हात... हातांवरून माणसं बरोबर ओळखतात. बोटांची ठेवण, नखं. आमच्याकडे कितीतरी आया चेहऱ्याकडे बघतच नाहीत, हात धरतात.

आणि आमच्या शवागारात काम करणाऱ्या माणसांना 'भीती नाही वाटत का?' एवढंच सगळे विचारतात. त्यांना लग्नकार्यात कुणी पंगतीला शेजारी बसवून घेत नाही, हे कुणी विचारत नाही. गोदाकाठ, तुम्हाला दोष देत नाही, माझ्या घरीही हेच होतं. पण ते मला लागतं.

---

गोदाकाठ

शुश्रुत, तुमचा प्रतिसाद सौ.ला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. आंघोळीचं ती सोडणार नाही, तो तिचा संस्कार आहे. पण पंगतीचं तुम्ही म्हणता ते चुकीचंच आहे, असं ती म्हणाली. तुमच्या माणसांना आमचा नमस्कार सांगा.

---

डब्लिनकर

आयर्लंडमधून लिहितोय, त्यामुळे दुसरी बाजू. इथल्या लोकांना पब आणि मॉर्च्युरी एकत्र असण्यात विशेष काही वाटत नाही!

टिपरेरीत फेथर्ड नावाचं गाव आहे, तिथे मॅकार्थीज हा पब आहे. तोच कुटुंबाचा अंत्यसंस्कारांचाही व्यवसाय. खेड्यापाड्यांत अशी जोडी पूर्वी सर्रास असे. पबाचं तळघर थंड, म्हणून अपघाती मेलेल्याचं शव चौकशी होईपर्यंत तिथेच ठेवत. शिवाय इथे 'वेक' असतो. शव घरात ठेवून रात्रभर जागायचं. शेजारीपाजारी येतात, चहा, सँडविच, व्हिस्की, गेलेल्या माणसाच्या गोष्टी, हसणंसुद्धा. माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचे वडील गेले तेव्हा मी गेलो होतो. बैठकीच्या खोलीत ते झोपल्यासारखे, आणि स्वयंपाकघरात त्यांच्या तरुणपणच्या भानगडींच्या गोष्टी रंगलेल्या. मला आधी कसंतरी झालं. तासाभराने मीही त्यांच्यात बसून रडत-हसत होतो.

सिअ‍ॅटलमध्ये त्या जागेत आयरिश कुटुंबानेच पब काढला हे मला फार योग्य वाटतं.

---

समईचा_उजेड

१९१८ ची साथ कुणी आणली नाही अजून. त्या इमारतीतून तेव्हा किती पेट्या गेल्या असतील! सिअ‍ॅटलच्या महापौरांनी ५ ऑक्टोबर १९१८ ला चर्च, नाट्यगृहं, शाळा बंद केल्या. पुढे मास्क नसेल तर ट्रॅममध्ये घेत नसत. आणि आपल्या मुंबईत त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, एका दिवसात ७६८ माणसं मेली. जग इतकं लहान होतं तेव्हाही. आजार सैनिकांच्या बोटींतून बंदरोबंदरी फिरत होता.

माझ्या पणजीची दोन मुलं त्या साथीत गेली. आमच्या घरी त्यांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नाहीत. 'तापसरीत गेली' एवढंच. म्हणून पश्चिमवारा म्हणतेय ते मला फार पटतं, आणि थोडं पटत नाही. नाव नसलेल्या मुलांचं काय करायचं? ती लाल केसांची मुलगी कदाचित अशीच कुणीतरी. गोष्टीच्या रूपाने का होईना, त्या जागेत एक मूल मेलं होतं हे लोक विसरले नाहीत.

---

पश्चिमवारा

समई, यावर मी दिवसभर विचार करतेय. तू म्हणतेस त्यात तथ्य आहे, मुलीबद्दल मी जरा कडक बोलले असेन. पण '५० डॉलरला खून' या गोष्टीबद्दल माझं मत तेच. एकीत मेलेल्याची आठवण आहे, दुसरीत सनसनाटी. दोन्हींना एका टोपलीत घालू नये.

डब्लिनकर, तुझ्या प्रतिसादासाठी खास धन्यवाद. तो डोळे मिटून गाणारा म्हातारा, गोदाकाठांनी सांगितलेला, आता वेगळाच दिसायला लागला.

---

ड्रॅगनप्रेमी

कुणीच कसं बोललं नाही? ब्रूस ली!!

बटरवर्थ १९२३ मध्ये ही इमारत सोडून सिअ‍ॅटलच्याच कॅपिटल हिल भागात ईस्ट पाइन रस्त्याला गेले. ब्रूस ली हाँगकाँगला २० जुलै १९७३ ला गेला आणि सिअ‍ॅटलमधला त्याचा अंत्यविधी त्या नव्या बटरवर्थमध्ये झाला. खांदेकऱ्यांत स्टीव्ह मॅक्वीन आणि जेम्स कोबर्न हे हॉलिवूडचे नट होते. लेक व्ह्यू दफनभूमीत त्याची कबर आहे, शेजारी मुलगा ब्रँडनची. आणि गंमत म्हणजे त्या दुसऱ्या बटरवर्थमध्येही आता बिअर बार आहे, पाइन बॉक्स नावाचा. एकाच घराण्याच्या दोन मॉर्च्युऱ्या, दोन्हींचे पब झाले.

मी कबरीवर जाऊन आलोय. लोक संत्री, नाणी, फुलं ठेवतात. मी घरून नेलेला नारळ ठेवला होता.

---

तर्कट

ड्रॅगनप्रेमी, हे माहीत नव्हतं. नारळाचं वाचून बरं वाटलं.

---

मृण्मयी_स

खूप माहितीपूर्ण धागा. आम्ही जूनमध्ये सिअ‍ॅटलला येतोय, सोबत १३ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. हे सगळं एका दिवसात बघता येईल का? आणि मुलाला पबात घेतील का?

---

पश्चिमवारा

नक्की या. बारच्या भागात २१ वर्षांखालच्यांना घेत नाहीत, पण केल्स रेस्टॉरंटही आहे, दुपारी जेवायच्या वेळी जा आणि दारात आधी विचारून घ्या. सासूबाईंना आत जायच्या आधीच सांगा, नंतर नको. त्यांना नसेल यायचं तर मार्केटमध्ये फुलांची दुकानं आहेत, त्या तिथे छान रमतील.

गाडी आणू नका, मार्केटला पार्किंगसाठी फिरून फिरून जीव जातो. लाइट रेलने वेस्टलेक स्टेशनला उतरून चालत या. आधी फर्स्ट अ‍ॅव्हेन्यूवर १९२१ क्रमांकाच्या इमारतीसमोर रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. दर्शनी भागावर बटरवर्थचं नाव अजून आहे. मग वळसा घालून खाली पोस्ट अ‍ॅलीत उतरा, म्हणजे दोन तोंडं म्हणजे काय ते मुलाला आपोआप कळेल. लेक व्ह्यूसाठी परत रेल्वेने कॅपिटल हिल स्टेशन, तिथून व्हॉलंटिअर पार्कमधून चालत. चढ आहे, सासूबाईंसाठी टॅक्सी करा.

तारीख कळवा. जमलं तर मी येते बरोबर.